पॉपची तयार वाक्यं

इंग्रजी मी शाळेत शिकले, पण बोलायला शिकवलं ते पॉपनी. पॉप म्हणजे माझे सासरे, मर्व्हिन टॉलहर्स्ट. माझी लेक ओवी झाल्यापासून घरात त्यांना पॉप, म्हणजे आजोबा, म्हणतात, मीही. लग्न होऊन सातासमुद्रापलीकडच्या या मासेमारीच्या गावात, गिनाराला, आले तेव्हा माझं इंग्रजी ट्रंकेतल्या पैठणीसारखं होतं. सुंदर, घडी न मोडलेलं, आणि मासळीच्या धक्क्यावर नेसून जाण्याजोगं अजिबात नाही.

इथली माणसं एखादं साधंसुधं क्रियापद घेतात, त्याला दोन अक्षरांचं शेपूट बांधतात आणि अर्थ भलत्याच गावाला जाऊन उतरतो. 'पुट' म्हणजे ठेवणं, एवढं मला ठाऊक होतं. शेपूट बदललं की पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणं, आणखी बदललं की नवऱ्याचं घोरणं सोसणं, पुन्हा बदललं की काम उद्यावर ढकलणं. एकदा सासूबाई, बेव्ह, डोळे पुसत म्हणाल्या की शेजारच्यांनी त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला 'खाली ठेवलं', आणि मी म्हटलं, बरं झालं, सारखा सोफ्यावर चढायचा. मग बेव्ह उठून मला चिकटून बसल्या आणि हसता हसता रडल्या. कुत्र्याला शेवटची सुई दिली होती.

त्या संध्याकाळी पॉपनी मला मागच्या ओट्यावर बोलावलं. मांडीवर गरीची दोरी होती.

"हा गळ. हे तुझं क्रियापद. आणि हे शिसं, चिमुकलं. गळ तोच ठेव. शिसं हलकं लाव, वरचा मासा मिळेल. जड लाव, तळचा. सगळे शहाणे गळाकडे बघत बसतात. तू शिशाकडे बघ, पोरी."

मी म्हटलं, आमच्या भाषेतही असतं असं. बोलून टाकणं वेगळं, बोलून जाणं वेगळं, बोलून बसणं आणखी वेगळं.

"बोलून बसणं म्हणजे?"

"बोलायचं, आणि मग पस्तावत बसायचं."

"हा तर आपला टायनी!" पॉप इतके हसले की दोरीचा गुंता झाला.

टायनी त्यांचा जुना दोस्त, मासेमारीच्या ट्रॉलरचा मालक. नावाचा अर्थ चिमुकला. माणूस रेड्याएवढा.

क्रियापदांपेक्षा तयार वाक्यं सोपी होती. इथे कोणी विचारलं, कसं काय, तर पाय प्लास्टरमध्ये असला तरी "तक्रार नाही" म्हणायचं. कामाने जीव जात असेल तर "पाणी पिणाऱ्या सरड्यासारखा आडवा पडलोय" म्हणायचं. होडी गळो, छप्पर उडो, लग्न मोडो, "ती होईल ठीक". ही 'ती' कोण, असं मी पॉपना विचारलं होतं.

"जे काही ठीक नाहीये, ती," ते म्हणाले.

पहिलं वर्ष मी असल्या पाच-सहा वाक्यांवर काढलं. त्याचं एक तंत्र असतं. समोरच्याचे डोळे सोडायचे नाहीत. आवाज चढला की हसायचं. आवाज उतरला की "चालायचंच". शेवट प्रश्नासारखा वाटला तर "हो, नाही..." म्हणून सोडून द्यायचं, कारण "हो, नाही" हे इथे खरोखरच उत्तर आहे. बेव्हच्या मैत्रिणी कौतुकाने म्हणायच्या, मर्व्हची सून किती लवकर रुळली! रुळले कसली. मी त्यांच्या बोलण्याच्या पाण्यावर कॉर्कसारखी तरंगत होते आणि खाली काय आहे याचा मला पत्ता नव्हता. घरी आले की डोकं ठणकायचं.

ओवी पोटात असताना बेव्ह लांबलेल्या आजारपणात गेल्या. मी आणि माझा नवरा कीरन भाड्याचं घर सोडून पॉपकडे राहायला आलो. कीरन टायनीच्या ट्रॉलरवर काम करतो. पहाटे जातो, दुपारी उशिरा येतो. दिवसभर घरात मी, ओवी आणि पॉप.

एप्रिलमधली गोष्ट. मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओवीला आंघोळ घालत होते. दोन्ही हात साबणाचे. पॉप मागे टेबलाशी बसले होते.

"पॉप, तेवढा टॉवेल द्या ना."

"हो गं, काळजी नको."

टॉवेल आला नाही. मी मान वळवली. पॉप हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते, अगदी तयारीत, आणि त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांवर होते. माझी नजर टॉवेलवर गेली मात्र, ते टुणकन उठले आणि टॉवेल घेऊन आले.

का कोण जाणे, मी फ्रिजकडे बघितलं आणि त्याच सुरात म्हटलं, "आणि कात्री?"

पॉपनी फ्रिज उघडला आणि दुधाची बाटली काढून माझ्यासमोर धरली.

"थँक्यू, पॉप."

"काळजी नको, पोरी."

मी ओवीला टॉवेलमध्ये गुंडाळलं. हा चेहरा मी ओळखत होते. आतून ओळखत होते. बेव्हच्या मैत्रिणींमध्ये बसून मी वर्षभर हाच चेहरा करत होते.

मग एकेक दिसायला लागलं. पेपर हातात असायचा, पान उलटायचं नाही. टीव्हीवर इतर हसले की पॉप अर्ध्या श्वासाने उशिरा हसायचे. शेजाऱ्याचं नाव घेणं बंद झालं होतं, सगळे "मित्रा" झाले होते. मी "पोरी" झाले होते, ओवी "राणी". किती गोड बोलतात, असं मला वाटायचं.

कीरन अंगणात पाइपखाली बूट धूत होता तेव्हा मी त्याला सांगितलं.

"पॉपना शब्द कळत नाहीयेत."

"कुठले?"

"टॉवेल. कात्री."

"डॅडला कात्री कधीच कळली नाही. केस आई कापायची त्याचे."

"कीरन, मी चेष्टा नाही करत."

"विन," तो म्हणाला. माझ्या वृंदा या नावाचं इथल्या लोकांनी पहिल्याच दिवशी विन केलं होतं. "राईचा पर्वत करू नकोस. आई गेल्यापासून जरा गप्प झालाय, एवढंच. आज पहाटेच धक्क्यावर टायनीशी अर्धा तास बोलत होता."

"काय बोलत होते?"

पाणी बुटांवरून वाहत राहिलं.

"नेहमीचंच," तो हळूच म्हणाला.

"आणि मनोऱ्यातली त्यांची पाळी?"

त्याने नळ बंद केला.

आमची नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली वाळूचा आडवा पट्टा आहे. त्याला सगळे बार म्हणतात. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर धावत असताना समोरून मोठी लाट आली की त्या पट्ट्यावर पाणी भिंतीसारखं उभं राहतं आणि कोसळतं. दक्षिणेच्या टेकाडावर स्वयंसेवकांचा मनोरा आहे. येणारी-जाणारी प्रत्येक होडी वायरलेसवरून विचारते, बार कसा आहे? गावातल्या लोकांना स्वतःलाच कळतं. पण सुट्टीला बाहेरगावचे येतात, मुलंबाळं घेऊन, नव्या कोऱ्या होडीत. त्यांच्यासाठी मनोऱ्यातला आवाज म्हणजे ब्रह्मवाक्य. पॉपनी उभं आयुष्य हा बार ओलांडला होता. मासेमारी सोडल्यावर ते त्या खुर्चीत जाऊन बसले. आता बेव्ह नव्हत्या. बोट विकलेली होती. ती खुर्ची तेवढी होती. पाळीच्या दिवशी ते आपला निळा सदरा स्वतः इस्त्री करायचे, कॉलरला पाणी मारून मारून.

"ती खुर्ची गेली तर तो जगणार नाही," कीरन म्हणाला.

"आणि राहिली तर दुसरं कोणी जगणार नाही."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी घरात काही तरी फोडलंय.

"तू एकदा वर जाऊन नीट बघ," तो शेवटी म्हणाला. "मग बोलू."

मी रविवारी गेले, ओवीला कमरेवर घेऊन, पॉपचं जेवण देण्याच्या निमित्ताने. वर नोलीन होत्या. मनोऱ्याची सगळी व्यवस्था त्याच बघतात. केस पांढरेशुभ्र, आवाज शाळेतल्या बाईंचा.

"आली बघ, साहेबांची सून! बस गं. मी खाली जाते, वर्गणीसाठी विकायचे सॉसेज भाजायला लावलेत, त्या पोरांच्या हातात दिलं तर कोळसे करतील. मर्व्ह, तू आहेस ना?"

"कुठे जाणार मी!" पॉप म्हणाले. नोलीन हसत उतरून गेल्या.

पॉप छानच बसले होते. कानाला हेडफोन, समोर मोठी काच, काचेपलीकडे सगळा समुद्र. वायरलेसवर ओळखीचे आवाज येत होते.

"काय मर्व्ह, अजून आहेस होय?"

"तक्रार नाही. केली तरी ऐकतंय कोण!"

"आम्ही निघालो रे, तीन माणसं, संध्याकाळपर्यंत परत."

"छान छान. मोठे मासे आणा."

खळखळून हसणं, खटका, शांतता. कोणालाही वाटलं असतं, याच्याइतका तरबेज माणूस नाही. मी जरा सैलावले. कीरन म्हणाला तेच खरं असेल. बाळंतपणानंतर झोप नसते, काहीबाही दिसतं.

मग एक अनोळखी आवाज आला. मागे मुलांचा कालवा.

"गिनारा, ही 'सनी मॉली'. दोन मोठे, दोन लहान. आत यायचंय. बार कसा आहे? कुठल्या बाजूने येऊ?"

"नमस्कार मित्रा! काय दिवस आहे, नाही?"

"आहे खरा. पण बाजू कुठली घेऊ? उत्तरेकडे पांढरं दिसतंय थोडं."

"ती होईल ठीक, मित्रा. सावकाश ये."

"म्हणजे सरळ येऊ?"

"काळजी नको."

आणि त्या होडीने सरळ नाक धरलं. ओहोटी सुटली होती. उत्तरेच्या बाजूला लाट उभी राहत होती, एक पडली की मागे दुसरी. पॉप खाडकन उठले. त्यांचे डोळे पाण्यावर भराभरा फिरत होते. ते सगळं वाचत होते, एकेक लाट, मला कधी वाचता येणार नाही असं. त्यांचा डावा हात काचेवर आपटायला लागला, दक्षिणेकडे, दक्षिणेकडे. उजव्या हातात माइक होता आणि तोंडातून येत होतं, "काळजी नको, मित्रा, काळजी नको." मानेची शीर तट्ट फुगली होती. तो शब्द त्यांना आतून कुठूनच सापडत नव्हता, आणि जी वाक्यं नको होती तीच एकामागून एक बाहेर पडत होती.

मी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

"'सनी मॉली', थांबा. पुढे येऊ नका."

"हॅलो? कोण?"

"थांबा म्हटलं ना!"

पॉपनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा पंजा वर झाला, थांब. मी म्हटलं, तिथेच थांबा. पंजा दक्षिणेकडे वळला. मी म्हटलं, दक्षिणेच्या दगडी बांधाला धरून या, पण आत्ता नाही. एक लाट गेली. आणखी एक गेली. ओवी माझे केस ओढत होती. पॉपची मूठ एकदम पुढे गेली.

"आता! या, थांबू नका, या!"

होडी बांधाच्या कडेने आली, एकदा वर उचलली गेली, आणि आतल्या सपाट पाण्यात उतरली. लाल जाकिटातली दोन लहान मुलं हात हलवत होती.

"आभारी हं," तो माणूस म्हणाला. "तुम्ही नवीन का?"

पॉप खुर्चीत बसले. सदरा पाठीला चिकटला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीला लावली आणि बसायच्या जागेवर थोपटलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. थोपटत होते.

मी बसले.

त्यानंतर मी त्यांच्या प्रत्येक पाळीला जायला लागले. ओवी झोळीत. पॉप पाणी बघायचे, त्यांचा हात सांगायचा आणि मी बोलायचे. गावाला ही जोडी फार आवडली. टायनी वायरलेसवरून चिडवायचा, "काय मर्व्ह, बाई ठेवलीस वाटतं कामाला? सहलीला निघालास आणि दोन सँडविच कमी पडली की काय?" डोक्याने अर्धवट असलेल्या माणसाला इथे असं म्हणतात. पॉप सगळ्यांसारखे हसायचे, अर्ध्या श्वासाने उशिरा.

तरी खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते. त्यांच्या बोटाची वळणं मला कळायला लागली होती. घरी येताना पॉप ओवीला खांद्यावर घेऊन टेकाड उतरायचे. कीरन म्हणाला, "बघ, झाली ना ठीक?" आणि त्याचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसला म्हणून मीही मान डोलावली.

एकदा चहा ओतता ओतता नोलीन म्हणाल्या, "तुला इथे बघितलं की बेव्हची आठवण येते गं. ती पण अशीच बसायची."

"कधी?"

"शेवटी शेवटी. दर पाळीला यायची. घरी करमत नाही म्हणायची. विणकाम घेऊन यायची आणि वायरलेसही तीच घ्यायची बरेचदा. मर्व्ह लाडावलेला आधीपासूनच!"

"काय विणायच्या?"

"कुणास ठाऊक. काही पुरं झालेलं मी तर पाहिलं नाही."

मी कप खाली ठेवला. पॉप काचेतून बाहेर बघत होते. म्हणजे बेव्हना माहीत होतं. आजारपणातही त्या हे टेकाड चढत होत्या, आणि कोणाला, मुलालासुद्धा, एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी झाली आणि पॉपनी ती माझ्यासाठी ओढली. मी माझ्या झोळीकडे बघितलं. या झोळीतली पोर मोठी होईल, शाळेत जाईल, आणि मी इथेच बसलेली असेन, अर्धवट विणकाम घेऊन? आणि मी नसेन त्या दिवशी?

तो दिवस लांब नव्हता. ओवीला ताप भरला. रात्रभर कण्हत होती. सकाळी मी पॉपना इस्त्री करताना बघितलं.

"पॉप, आज नाही जायचं. ओवीला बरं नाही. मी येऊ शकत नाही."

"हो गं. काळजी नको."

"पॉप, जाऊ नका." मी मान हलवली, हात हलवले, दारात उभी राहिले. त्यांनी माझ्या गालाला हलकेच हात लावला, टोपी घातली आणि मागच्या दाराने गेले.

कीरन समुद्रावर होता. आकाश स्वच्छ होतं, पण उंच नॉरफोक पाइन झाडाचा शेंडा वाऱ्याने हलायला लागला होता. मी ओवीला गाडीत बांधलं आणि निघाले. त्या चढावर मी शब्द जुळवत होते. ही गोष्ट इथल्या रीतीने कशी सांगायची? पॉप जरा थकलेत. पॉप पूर्वीचे राहिले नाहीत. अलीकडे त्यांचं जरा हे होतं. सगळी वाक्यं तयार होती, गुळगुळीत, आणि त्यांतलं कुठलंही नोलीनना दिलं असतं तर त्या "हो, नाही, वय कोणाला चुकलंय" म्हणाल्या असत्या आणि चहा ओतला असता.

मी वर पोचले तेव्हा नोलीन निघायच्या तयारीत होत्या, पर्स खांद्याला. पॉप खुर्चीत. पाठीमागे बोलायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. ओवीचं तापलेलं डोकं माझ्या मानेवर.

"नोलीन, पॉपना शब्द कळत नाहीत. वायरलेसवर कोण काय म्हणतंय ते त्यांना समजत नाही, आणि त्यांना जे सांगायचं असतं ते सांगता येत नाही. त्यांना इथे एकटं बसवू नका."

नोलीननी खिडकीबाहेर बघितलं. "हो, नाही... एका वयानंतर आपण सगळेच थोडे..."

"वय नाही."

"बाळ, फार मोठी इनिंग खेळलाय तो. आपण..."

"इनिंग नको!" माझा आवाज इतका चढला की ओवी रडायला लागली. "मला साध्या शब्दांत सांगा. तुम्हाला माहीत होतं का?"

इथे असं कोणी कोणाला विचारत नाही. नोलीनच्या गालांवर लाल चट्टे उठले. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

"हो," त्या म्हणाल्या. "बेव्ह गेल्यावर कळलं. मी त्याच्या पाळ्या शांत दिवसांना लावायचे. हवामानाचा अंदाज बघून. तू यायला लागलीस तेव्हा मला बरंच वाटलं."

"आणि अंदाज चुकला असता तर?"



पॉप आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर, नोलीनच्या चेहऱ्यावर, पुन्हा माझ्या. ते हसू शोधत होते, चढलेल्या-उतरलेल्या आवाजातला तो ओळखीचा वळसा शोधत होते, म्हणजे त्यांना योग्य ते वाक्य देता आलं असतं. आम्ही दोघींनी त्यांना काहीच दिलं नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. शब्द एकही कळला नसेल. पण काय चाललंय ते कळलं. त्यांनी हेडफोन काढून खुंटीला लावले, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि माझ्या अंगावरून, रडणाऱ्या ओवीकडेही न बघता, जिना उतरून गेले. खुर्चीत नोलीन बसल्या.

पुढच्या महिन्यात मोठ्या गावातल्या डॉक्टरबाईंनी पॉपना चित्रं दाखवली. छत्री, कंगवा, खेकडा. पॉपनी प्रत्येक चित्राला काही तरी गोड म्हटलं. खेकड्याचं चित्र बघून म्हणाले, "पकडलंस मला, पोरी!" डॉक्टरबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. शब्द एकेक करून जातात, म्हणाल्या, पण बांधलेली वाक्यं गाठोड्यासारखी अख्खी राहतात, बहुतेकदा शेवटपर्यंत. गाठोडं उचलायला आत काय आहे ते माहीत असावं लागत नाही. गेलेले शब्द परत येत नाहीत. कीरन त्या दिवशी गाडीत रडला. मी गाडी चालवत होते. पॉप मागे, काचेतून बाहेर बघत.

मनोऱ्यावरच्या त्या सकाळपासून पॉप माझ्याशी बोललेले नाहीत.

पोस्टमनला "तक्रार नाही" मिळतं. कीरनला "काळजी नको" मिळतं. ओवी पुन्हा "राणी" झाली आहे, कुंपणावरच्या मॅगपाय पक्ष्यालासुद्धा रोज सकाळी "कसं काय, मित्रा" असतं. मला काहीच नाही. मी खोलीत आले की ते उठून जातात. "येईल ताळ्यावर," कीरन म्हणतो. "तुला ओळखत नसेल एखादे वेळी. आजारच तसा आहे." मला तसं वाटत नाही. ज्याच्याकडे सगळ्या जगासाठी एकेक वाक्य तयार आहे, त्याने एकाच माणसाला ते द्यायचं नाही, हे रोज सकाळी उठून ठरवावं लागतं. मला ओळखल्याशिवाय ते कसं जमेल?

परवा धक्क्यावर टायनी भेटला. बर्फाच्या पेट्या उतरवत होता.

"काय विन! म्हातारा काय म्हणतोय?"

तक्रार नाही, एवढं म्हणायचं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"रागावलेत," मी म्हटलं. "माझ्यावर."

टायनीने पेटी खाली ठेवली. आपल्या बुटांकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"फार?"

"फार."

"हं." त्याने पायाने पेटी बाजूला सरकवली. "मी येऊ का? पण बोलायला काही नाही माझ्याकडे."

"बोलू नकोस."

तो दुपारी आला, फाटलेलं जाळं खांद्यावर टाकून. मागच्या ओट्याच्या पायरीवर बसला तशी सगळी पायरी भरून गेली. पॉप त्याच्या शेजारी बसले. टायनी जाळं ताणून धरायचा आणि पॉप गाठी मारायचे. बोटं भराभर चालत होती, त्यांना कोणाला विचारायचं नव्हतं. मी जाळीच्या दारातून बघत होते. बऱ्याच वेळाने दोन कप चहा करून बाहेर नेला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. टायनीने आपला उचलला. पॉपनी माझ्या हातच्या कपाकडे बघितलं, हाताच्या पाठीने तो बाजूला सारला आणि टायनीच्या थर्मासचं झाकण पुढे केलं.

टायनीने झाकणात ओतलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याच्या ओठांवर एक तयार वाक्य आलेलं मला दिसलं. त्याने ते गिळलं, आणि जाळ्याचं टोक पुन्हा घट्ट धरून बसला.